तळाचा सूर आधी

कुडवा, गोंदिया

चि. बाबू,


तुझं रेकॉर्डिंग मिळालं. आधी हेडफोन लावून ऐकलं, मग तुझ्या मामीच्या मोबाईलवर. सुरुवातीला तू एकटा वाजवतोस तिथे आवाज इतका दणदणीत आहे की अंगावर काटा आला. पुढे ड्रम आणि दोन गिटारी आल्या आणि बेस गेला. घरघर तेवढी ऐकू येते, पण गाणं कोणत्या सुरावर उभं आहे ते कळत नाही. तू लिहितोस की बेसचा आवाज आणखी वाढवणार आहेस. आवाज वाढवून हे सुटणार नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसलो.

मित्राकडून घेतलेलं तुझं पेडल ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं आहे. ते गिटारसाठी बनलं, आणि गिटारसाठी उत्तमच आहे. त्यातला जो टप्पा सिग्नल फाडतो, तो साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना मुद्दाम कमी उचल देतो, म्हणजे गिटारचा तळ गढूळ होत नाही. आता तुझ्या बेसच्या मोकळ्या तारा बघ: ई ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. चारही तारांचा मूळ सूर त्या रेषेच्या कितीतरी खाली. म्हणजे पेडल तुझ्या सुरांच्या वरच्या छटा फुगवतं आणि सूर मात्र मागे राहतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचं डोकं छाटणं. डोकं छाटलं की हळू वाजवलेला आणि जोरात वाजवलेला सूर जवळजवळ एकाच उंचीचे होतात. बोटाचा जो पहिला ठोका ड्रमच्या किकला जाऊन मिळतो, तोच सपाट होतो. तुमचा ड्रमर चांगला आहे, पण त्याला धरायला तुझ्याकडून काही मिळत नाही.

यावर जगभरच्या बेसवादकांनी काढलेला मार्ग म्हणजे सिग्नलच्या दोन वाटा करणं. एक वाट पेडलमधून जाते (डर्टी), दुसरी जशीच्या तशी (क्लीन), आणि शेवटी दोन्ही एकत्र. बॉसच्या ओडीबी-३ वर बॅलन्स नावाचा नॉब याचसाठी आहे, सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हरवर आणि डार्कग्लासच्या पेडलवर तोच ब्लेंड नावाने आहे. तुझ्या पेडलवर तो नाही. पण तेवढ्यासाठी नवं पेडल विकत घ्यायची घाई करू नकोस. बॉसचा एलएस-२ किंवा तशा कामाचा कुठलाही ब्लेंडर जुना मिळाला तरी चालेल. एका लूपमध्ये तुझं पेडल, दुसऱ्या लूपमध्ये सेंडपासून रिटर्नपर्यंत नुसती वायर. मात्र दोन पेडलांची आउटपुटं साध्या वाय-केबलने एकत्र जोडू नकोस. ती एकमेकांवर भार टाकतात आणि दोन्ही आवाज दुबळे होतात.

बेस फाडणं ही कालपरवाची फॅशन आहे असं कुणी म्हणालं तर त्याला सांग की फझ पेडलचा जन्मच खालच्या सुरांतून झाला. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बेसवर तुकडा वाजवत होता आणि मिक्सरचा एक चॅनल बिघडल्यामुळे त्याचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तो आवाज मुद्दाम काढणारं सर्किट रचलं आणि १९६२ साली गिब्सनने ते मेस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणलं. १९६५ साली बीटल्सच्या ‘थिंक फॉर युअरसेल्फ’मध्ये पॉल मॅकार्टनीने फझ बेस वाजवला, पण साधा बेस काढून टाकला नाही. दोन्ही वेगवेगळे मुद्रित केले. ते गाणं तू नीट ऐक. फझ वर गुरगुरत असतो आणि खाली साधा बेस आपलं काम करत असतो.

आपल्याकडे तंबोऱ्यात हीच समज आहे. मिरजेचे कारागीर घोडीची वरची बाजू घासून तिला बारीक उतार देतात. तारेखाली सुताचा धागा सरकवला की तार घोडीला ओझरती शिवत राहते आणि वरचे स्वर झळाळून उठतात. सी. व्ही. रामन काही काळ आपल्या नागपुरात नोकरीला होते. त्यांनी १९२१ साली या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तारेचे जे स्वर एरवी ऐकू येऊ नयेत, तेसुद्धा या घोडीमुळे कसे उमटतात, ते त्यांनी त्यात दाखवलं. ही झळाळी, म्हणजे जवारी, कितीही खुलली तरी खर्जाचा षड्ज हलत नाही, आणि तो हलला तर कुठलाही गवई तंबोरा खाली ठेवेल. तुझ्या पेडलकडून मला एवढीच अपेक्षा आहे.

आता हाताने करायचं काम. ब्लेंड पूर्ण क्लीनवर ठेव आणि ड्रमरसोबत वाजव. एकटा खोलीत बसून हे ठरवू नकोस. खोलीत गोड लागणारा आवाज बँडमध्ये हमखास बुडतो. क्लीन बेस ड्रमला नीट चिकटला की मग डर्टी हळूहळू वाढव. तो आहे असं पहिल्यांदा जाणवेल तिथे थांब. डर्टी वाटेचा तळ साधारण २०० हर्ट्झखाली कापून टाक. तळ एकाच वाटेने यायला हवा, आणि ती वाट क्लीनची. क्लीन वाटेवर थोडा कॉम्प्रेसर दे. फाटलेला आवाज आधीच सपाट असतो, आणि क्लीन मात्र उड्या मारत राहिला तर प्रत्येक सुराला मिश्रण बदलतं.

एक परीक्षा न चुकता कर. मोकळी ई तार छेड आणि नॉब एका टोकाकडून मधोमध आण. दोन आवाज मिळून जास्त भरायला हवेत. मध्यावर आवाज पोकळ झाला तर फेज उलटी आहे, दोन वाटा एकमेकींना खोडताहेत. एखादा पट्टाच नाहीसा होत असेल तर दोष उशिराचा असू शकतो. डिजिटल पेडलने सिग्नलला दोन मिलिसेकंद उशीर केला तर २५० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. रेकॉर्डिंगला डीआयचा (पेडलमधून न गेलेला) ट्रॅक नेहमी वेगळा घे. तो असला की कॉम्प्युटरवर फेज उलटवता येते, उशीर जुळवता येतो. ट्रॅकच नसेल तर काहीच हातात राहत नाही.

यावरून तू डिस्टॉर्शन सोडून देऊ नकोस. मामीच्या मोबाईलचा स्पीकर ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही. तरी ८२, १२३, १६४ असे वरचे स्वर कानावर पडले की आपला मेंदू त्यांच्यावरून खालचा सूर ओळखतो. मंडपात शेवटच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसापर्यंत सूर पोहोचतो तो पुष्कळदा याच स्वरांमुळे. डर्टी आवाजाची खरी किंमत मला तिथे वाटते, म्हणून तुझी आवड मला मनापासून मान्य आहे.

घरघरीबरोबर तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये सतत गुंजनही आहे. सगळी पेडलं एकाच स्वस्त अडॅप्टरवर लावली असशील. प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला पॉवर सप्लाय घे. गुंजन घालवायला कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगेल. कुणीही सांगितलं तरी काढू नकोस. जनरेटरवरच्या स्टेजवर ती पिन जीव वाचवते. गुंजनासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

दिवाळीनंतर इकडे मंडईच्या जत्रा सुरू होतील, गावोगाव नाटकांचे मंडप पडतील. साऊंडवाले दुपारी बॉक्स लावून तपासणी करतात, तेव्हा अर्धा तास आपल्याला मिळावा म्हणून मी बोलून ठेवतो. क्लीन आणि डर्टी मिक्सरवर वेगवेगळ्या चॅनलला देऊ. वाजवशील तू, मी मागे जाऊन उभा राहीन, मग जागा बदलू. येताना दोन डीआय बॉक्स आणि लांब केबल घेऊन ये, इथे ऐनवेळी मिळतीलच असं नाही. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा