मोटारीच्या चाकाचा तुटलेला स्टड : कारणे व दुरुस्ती

बैलगाडीचे चाक आसावर मोकळे फिरते. आसाच्या टोकाशी मारलेली एक खीळ त्यास निसटू देत नाही. मोटारीच्या चाकाची रचना याहून अगदी निराळी आहे. तेथे चाक व ते ज्यावर बसते तो हब, ही दोन्ही एकच वस्तू असल्याप्रमाणे फिरली पाहिजेत. त्यांस एकत्र जखडण्याचे कार्य लहान मोटारींत बहुधा चार, तर मोठ्या मोटारींत पाच किंवा सहा पोलादी स्टड करतात. स्टड म्हणजे हबात मागील बाजूने दाबून बसविलेला, बोटाएवढ्या जाडीचा, आटे पाडलेला दांडा होय.

सुरतेकडून नागपूरमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ रायपुरावरून पुढे संबळपुराकडे जातो. छत्तीसगडात मराठी कुटुंबे नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून वास्तव्यास आहेत, आणि रायपूर-नागपूर ही सुमारे २९० किलोमीटरांची वाट त्यांच्या नित्य परिचयाची आहे. प्रस्थानाच्या वेळी चाक बदलताना एखादा स्टड तुटावा आणि ‘अजून तीन आहेतच’ असे म्हणून गाडी तशीच हाकावी, असे पुष्कळदा घडते. ही समजूत धोक्याची का, हे जाणण्यासाठी स्टड कोणते काम करतो ते प्रथम पाहिले पाहिजे.

स्टडचे कार्य

गाडीचे ओझे स्टड आपल्या अंगावर आडवे झेलतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः नट आवळला म्हणजे स्टड केसभर लांबतो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे मूळ लांबीवर येऊ पाहताना चाकास हबावर दाबून धरतो. या दाबामुळे उत्पन्न होणारे घर्षणच गाडीचा भार वाहते.

१२ मिलिमीटर व्यासाच्या स्टडवरील नट १०० न्यूटन-मीटर पिळाने आवळला, तर स्टडमध्ये सुमारे ४२,००० न्यूटन, म्हणजे चार टनांहून अधिक वजनाइतका ताण येतो. चार स्टडांचा दाब मिळून सोळा-सतरा टन होतो व त्यापासून अदमासे अडीच टनांचे घर्षण मिळते. लहान मोटारीच्या एका चाकावरील भार तीनशे किलोग्रॅमच्या आसपास असतो. अर्थात खड्डे, वळणे व ब्रेक यांचे धक्के सोसण्यास पुरेशी शक्ती शिल्लक राहते.

एक स्टड गेला की या दाबाचा चौथा हिस्सा जातो, आणि तोही एकाच बाजूचा. त्या बाजूस चाक प्रत्येक फेऱ्यात किंचित उघडते व मिटते, आणि शेजारच्या स्टडांवर कमीअधिक ताण पुनःपुन्हा येऊ लागतो. रायपूर ते नागपूर या एका प्रवासात लहान मोटारीचे चाक सुमारे दीड लाख फेरे घेते. एका ओढीने न तुटणारे पोलाद अशा लक्षावधी लहान ओढींनी तुटते. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून मोठा अनर्थ ओढवला. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर याने आसांवर प्रदीर्घ प्रयोग करून पोलादाच्या या ‘थकव्याचे’ नियम मांडले. चाकाचा स्टड त्याच नियमांनी बांधलेला आहे.

तुटलेला तुकडा काय सांगतो?

तुटका तुकडा फेकून देण्यापूर्वी त्याचे निरीक्षण करावे. तुटीजवळ दांडा बारीक झाला असेल, अथवा आटे पिळवटलेले दिसत असतील, तर नट अतिशय आवळला गेला होता असे समजावे. याउलट तुटीचा एक भाग गुळगुळीत असून त्यावर शिंपल्यासारख्या वळणदार रेषा असतील व उरलेला भाग खरबरीत असेल, तर नट सैल राहिला होता व स्टड थकव्याने हळूहळू चिरत गेला, असा निष्कर्ष निघतो. दोन्ही प्रकारांत त्याच चाकाच्या इतर स्टडांनी तोच जाच सोसलेला असतो. म्हणून त्या चाकाचे सर्व स्टड व नट एकदमच बदलणे शहाणपणाचे होय.

दुरुस्तीची रीत

नवा स्टड त्याच गाडीसाठी ठरविलेला, त्याच व्यासाचा, त्याच लांबीचा व त्याच आट्यांचा असावा. साधा बोल्ट कापून कधीही वापरू नये. सर्व पोलाद सारखे नसते. रायपुराजवळ भिलाईच्या कारखान्यात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली; तेथे तयार होणाऱ्या रुळांचे पोलाद झीज सोसण्याजोगे असते, तर स्टडचे पोलाद मोठा ताण सोसण्यासाठी उष्णतेचा संस्कार करून सिद्ध केलेले असते.

गाडी सपाट व टणक जागी उभी करावी. वैशाखाच्या उन्हात डांबर मऊ होऊन जॅक रुतण्याचा संभव असतो, म्हणून त्याखाली जाड फळी द्यावी. विरुद्ध बाजूच्या चाकांस पुढून व मागून पाचरी लावाव्यात. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करावेत; मग गाडी उचलून तिच्याखाली लोखंडी टेकू द्यावा. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली हात घालू नये.

चाक काढल्यावर ब्रेकचा ड्रम अथवा तबकडी उतरवावी. तबकडीचा कॅलिपर तारेने बांधून ठेवावा. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. हब फिरवून तुटका स्टड मागील मोकळ्या जागेसमोर आणावा व शिकंज्याने दाबून मागे काढावा. हातोड्याचे जबर घाव घातल्यास हबाच्या बेअरिंगला इजा पोहोचते. मागे पुरेशी जागा नसेल, अथवा ड्रम व हब एकसंध असतील, तर हे काम कारखान्यातच करून घ्यावे. स्टड हबात गरगर फिरत असेल, तर छिद्रातील पकड झिजलेली असते. तेथे हबच बदलावा लागतो.

नवा स्टड मागून घालून त्याचे दाते शक्यतो जुन्या खाचांत बसवावेत. पुढून त्यावर चार-पाच जाड वॉशर चढवून एक फालतू नट लावावा व तो पान्याने आवळत जावा, म्हणजे स्टड पुढे ओढला जातो. वॉशरांच्या मध्ये थोडे ग्रीस चालेल. स्टडचे डोके हबाला सर्व बाजूंनी टेकले, किंचितही फट उरली नाही, याची मागून खात्री करावी. फट उरली तर ती रस्त्यावर मिटते आणि नट आपोआप सैल पडतो. शेवटी आटे कोरडे पुसून घ्यावेत.

नट आवळण्याचे प्रमाण

नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून सर्व नट प्रथम हाताने लावावेत. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. चाक जमिनीस टेकल्यावर अखेरचा पीळ द्यावा. बहुतेक लहान मोटारींत त्याचे माप ८५ ते ११० न्यूटन-मीटर असते. तथापि गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. पीळ मोजणारा पाना जवळ असल्यास उत्तम. नसल्यास असा हिशेब करावा : पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर चाळीस किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला असता १०० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. उलट पान्यात नळी घालून तो अर्धा मीटर केला आणि साठ किलोग्रॅम वजनाचा मनुष्य त्यावर उभा राहिला, तर पीळ सुमारे ३०० न्यूटन-मीटर होतो. चांगल्या प्रतीचा स्टडही त्यापुढे टिकत नाही. हवेच्या यंत्राने भराभर नट आवळण्याच्या पद्धतीतही हाच धोका आहे. आट्यांस तेल लावणे हेही अहितकारक. कारण घर्षण घटून तेवढ्याच पिळाने स्टडवर सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका अधिक ताण येऊ शकतो.

नवा स्टड पहिल्या काही किलोमीटरांत थोडासा बसतो. यास्तव पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर, म्हणजे रायपुराहून भिलाईस जाऊन परत आल्यावर, चाक थंड झाले असता सर्व नट त्याच मापाने पुन्हा तपासावेत. तपासणीत ते ढळले नाहीत, तरच दूरच्या प्रवासास निघावे.