वजनकाट्यावर सगळी तब्येत मोजू देऊ नका

मंचरच्या ज्या क्लबात मी वजन घटवायला जात होते, तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर माझं वजन मोठ्याने वाचलं. वर विचारलं, "ताई, घरी चोरून खाता ना?" बायका हसल्या. मी रोज घाम गाळून चालत होते, पण काटा हलत नव्हता, म्हणून मी खोटी ठरले.

पहाटे पाचला चालायचा त्यांचा हट्ट. आमच्या वस्तीला दोन्हीकडून ऊस. जुन्नर-आंबेगावात अंधारात उसाच्या कडेने चालणं म्हणजे जिवाशी खेळ, बिबट्या कुठे बसला असेल नेम नाही. तर म्हणे, "कारणं नकोत." शिवनेरीच्या पायऱ्याही पळत चढायला लावल्या. उतरताना गुडघ्यात कळ आली, ती दुसऱ्या दिवशी मांडी घालू देईना.

गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रक्तही तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा उतरलेला, रक्तदाबही खाली. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. डॉक्टर म्हणाले, चालताना स्नायू रक्तातली साखर उचलतात, इन्सुलिन नीट लागू पडतं, पोटातली आणि यकृतातली चरबी घटते. वजन तेवढंच राहिलं तरी. माझे ब्लाउज ढिले झाले होते, ते उगाच नव्हे! रिपोर्टची झेरॉक्स सरांपुढे ठेवली, त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

म्हणून सांगते. उजाडल्यावरच, शाळेच्या मैदानावर चाला, सोबत कुणी असू द्या. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. आठवड्याला निदान 150 मिनिटं भरा; सुरुवातीला दहा-दहा मिनिटंही चालतील. सलग दोन दिवस खाडा करू नका, साखरेवरचा गुण दोन-तीन दिवसांत ओसरतो. कंबर टेपने मोजा: बायकांची 80, पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत हवी. वजनही उतरवायचं तर ताटातलं कमी करावं लागतं, नुसत्या चालण्याने ते फारसं हलत नाही. गुडघे दुखत असतील तर लेण्याद्रीच्या पायऱ्या दर्शनापुरत्याच चढा, कठडा धरून सावकाश. छातीत दुखलं तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा, साखर एकदम उतरलीच तर म्हणून खिशात खडीसाखर ठेवा. झोप पुरी घ्या.

आणि कुठल्याही क्लबात आगाऊ पैसे भरू नका, भरलेच तर पावती घ्या. माझे अजून परत मिळालेले नाहीत.