आधी कडी, मग कॅमेरा

शाळेच्या सुरक्षेचा विषय निघाला की बैठकीत पहिला शब्द येतो तो सीसीटीव्हीचा. बदलापूरनंतर तो यायचाच. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. आरोप होता त्याच महिन्यात कंत्राटावर आलेल्या सफाई कर्मचाऱ्यावर आणि जागा होती शाळेचं स्वच्छतागृह. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले, कर्जत मार्गाच्या गाड्या तासन्‌तास अडकल्या. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला: महिन्याभरात कॅमेरे बसवा, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रीकरण पाहावं, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी, अनुचित प्रकार घडला तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावं.

निर्णय योग्यच आहे. पण कर्जत तालुक्यातल्या कशेळे परिसरातल्या शाळेने पैसे कुठून आणायचे आणि आधी कशावर घालायचे, हा प्रश्न उरतोच. इथल्या कितीतरी शाळा ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या, दोन शिक्षकांवर चालणाऱ्या. कर्जत-मुरबाड रस्त्याला वर्दळ असते. पेठचा किल्ला आणि खांडसवरून भीमाशंकर गाठणारे पर्यटक नेमके शनिवारी सकाळी येतात, तेव्हा शाळा भरलेली असते. फार्महाऊसच्या बांधकामांमुळे अनोळखी माणसांची ये-जा वाढली आहे. तरीही बदलापूरचा माणूस बाहेरून घुसलेला नव्हता, तो कामावर ठेवलेला होता. खर्चाचा क्रम ठरवताना हे विसरू नये.

पैशांचं पहिलं ठिकाण म्हणजे समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,००० आणि त्यापुढे हजारापर्यंत ७५,०००. यातला किमान दहा टक्के वाटा स्वच्छतेवर घालायचा असतो. म्हणजे स्वच्छतागृहाची कडी, दार आणि दिवा यासाठी वेगळी मंजुरी शोधत बसायला नको. खालचे दर अंदाजाचे आहेत, कर्जत किंवा नेरळच्या दुकानदाराकडून कोटेशन घेतलं की थोडं इकडेतिकडे होईल.

सुरुवात स्वच्छतागृहापासूनच करा. आतून लागणारी दणकट कडी शंभर-दीडशेला येते. बिजागरी, सुताराची मजुरी आणि एक एलईडी दिवा धरला तरी दाराला हजाराच्या आत काम होतं. कडी मुलांच्या हाताच्या उंचीवर बसवा; मोठ्यांच्या उंचीवर बसवलेली कडी पहिलीतली मुलगी लावत नाही. शाळा सुरू असताना मुलींच्या स्वच्छतागृहाची सफाई बाईनेच करायची, आणि अंगणवाडी व पहिली-दुसरीच्या मुलींसोबत शिक्षिका, मदतनीस किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंपैकी कोणीतरी जायचं. हा नियम लिहून भिंतीवर लावायला काही खर्च येत नाही.

मग अभ्यागत नोंदवही, दीडशे रुपये. नाव, मोबाइल, कोणाकडे काम, आत-बाहेरची वेळ. मधल्या सुट्टीत मूल न्यायला आलेला काका असो की शेजारी, पालकांनी आधी लिहून दिलेल्या नावांत तो नसेल तर मूल सोडायचं नाही. पत्र्याची कुलूपबंद तक्रारपेटी सात-आठशेला मिळते. पण ती कार्यालयाच्या दारात टांगली तर त्यात कोणी चिठ्ठी टाकणार नाही. कोणाच्या नजरेत न येता मुलाचा हात पोहोचेल अशी जागा बघा आणि दर आठवड्याला पालक प्रतिनिधीसमोर पेटी उघडा. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. आपल्या शाळेत ती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे पालकांनी विचारावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे विचारण्याचा हक्क आहेच.

पडताळणीला शुल्क थोडकंच लागतं, खरा खर्च वेळेचा आणि फेऱ्यांचा. ती शिपाई, सफाईवाला, व्हॅनचा चालक आणि क्रीडा प्रशिक्षक अशा सगळ्यांची हवी. माणूस ठेकेदाराने पाठवला असला तरी दाखला शाळेच्या फायलीत असला पाहिजे.

यानंतर कुंपण. पक्की पाच फुटी भिंत बांधायची तर रनिंग फुटाला बाराशे ते अठराशे रुपये. शंभर बाय शंभर फुटांच्या आवाराला चारशे फूट लागतात, म्हणजे पाच ते सात लाख. हे शाळेच्या आवाक्यातलं नाही. ग्रामसभेचा ठराव घेऊन ग्रामपंचायत विकास आराखड्यात, वित्त आयोगाच्या निधीत किंवा जिल्हा परिषदेकडे मागणी नोंदवावी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात भिंत किंवा कुंपण हा शाळेचा निकषच आहे, तो कायदा ठरावात लिहावा. तोवर सिमेंटचे खांब आणि चेनलिंक जाळी: फुटाला दीडशे ते अडीचशे, सगळं मिळून साठ हजार ते लाख. मुलांच्या आवाराला काटेरी तार नको.

हिरवं कुंपण सगळ्यात स्वस्त, पण मोगली एरंड चुकूनही लावू नका. फांदी खोचली की जगते, गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून लोक तो लावतात. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात. त्या खाऊन उलट्या-जुलाबाने दवाखान्यात गेलेल्या शाळकरी मुलांच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात. आवारात आधीपासून असेल तर मुळासकट काढा. मेंदी चालेल, करवंदही चालेल. पावसाळ्यात कुंपणालगत तीन फूट गवत कापून ठेवा. दगड-लाकडांचा ढीग भिंतीला टेकवू नका. मण्यार आणि फुरसं तिथेच दडतात.

आता कॅमेरे. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, डीव्हीआर, हार्डडिस्क, वायर आणि मजुरी मिळून वीस ते तीस हजार. त्यात छोटा यूपीएस तीन हजारांचा आणि अर्थिंग तीन-चार हजारांचं धरा. कशेळ्याच्या पावसात वीज जाते-येते, त्या झटक्यात डीव्हीआर जळतो, म्हणून अर्थिंगवर काटकसर नको. ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीची नवी सक्ती आहे. बिलावर मॉडेल नंबर घ्या आणि प्रमाणपत्र मागा.

डिस्क किती मोठी घ्यावी, याकडे फारसं कोणी बघत नाही. एक कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला सुमारे अकरा जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे त्रेचाळीस. म्हणजे एक टीबीच्या डिस्कमध्ये वीस-बावीस दिवस बसतात, चित्र अधिक स्पष्ट ठेवलं तर दहाच. लहान मूल झालेली गोष्ट घरी बोलतं ती कधी कधी महिन्याने. तोवर जुनं चित्रीकरण पुसलेलं असतं. दोन टीबी घ्या, दोन-तीन हजार जास्त जातील.

चारच कॅमेरे असतील तर एक फाटकावर, एक व्हरांड्यात, एक मैदानावर आणि एक स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर. आत कधीही नाही, आणि दार उघडल्यावर आतलं दिसेल अशा कोनातही नाही. देखभालीला वर्षाला दोन-तीन हजार राखून ठेवा. आश्रमशाळांनी कॅमेऱ्यांची मागणी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे लेखी द्यावी.

वाडीवरच्या शाळेला सुरक्षा रक्षक परवडत नाही, खासगी शाळेने मात्र तो खर्च टाळू नये. एजन्सीमार्फत आठ तासांचा रक्षक महिन्याला पंधरा ते वीस हजारांत येतो, भविष्य निर्वाह निधी आणि विमा धरून. एक गोष्ट तपासा: बालवाडी ते बारावीपर्यंतच्या शाळेच्या आवारात दिलेल्या सुरक्षा आणि सफाई सेवेला जीएसटीची सूट आहे. बिलात १८ टक्के लावले असतील तर ते काढून घ्यायला सांगा. वर्षाला तीस-चाळीस हजार वाचतात.

आणि काही घडलंच, तर पुढच्या वाटेला पैसा लागत नाही. १०९८ आणि ११२ मोफत आहेत. पोक्सो कायद्यानुसार कळलेली गोष्ट पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेने आधी आपली चौकशी करू म्हटलं तरी पालकांनी थांबू नये. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. पीडित मुलावर प्रथमोपचार आणि उपचार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य करायचे आहेत. तक्रारीची प्रतही फुकट मिळते, ती हातात घेऊनच ठाण्याबाहेर पडा.