कोरडवाहू रानांतील तीन तेलें

सोलापुराकडील काळ्या रानांत रब्बीच्या ज्वारीभोंवतीं करडई पेरण्याची चाल आहे. तिच्या कांट्यांमुळें गुरें पिकांत शिरत नाहींत. बांधावर एरंड उभा असतो. कोठें जवसाचीं निळीं फुलेंही दिसतात. थोड्या ओलीवर वाढणाऱ्या ह्या तिन्ही वनस्पती आपल्या बियांत तेल सांठवितात. मग एक तेल फोडणीस, दुसरें रंगास व तिसरें औषधास कां, ह्याचा आपण विचार करूं.

तेलाच्या रेणूंत ग्लिसरिनाशीं मेदाम्लाचे तीन रेणू जोडलेले असतात. स्निग्ध पदार्थांची घटना शेव्ह्रल ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८२३ सालच्या आपल्या ग्रंथांत विशद केली. करडईंत मुख्यत्वें लिनोलेइक, जवसांत लिनोलेनिक व एरंडांत रिसिनोलेइक अम्ल असतें. तिहींत कर्बाचे अणू १८ च! भेद आहे तो जोडणीचा. पहिल्यांत दुहेरी बंध दोन, दुसऱ्यांत तीन. ह्या बंधांच्या ठायीं हवेंतील प्राणवायु शिरतो. म्हणून जवसाच्या तेलाचा पातळ थर वाळून चिवट होतो व रंगाऱ्याच्या कामीं येतो. एरंडाच्या अम्लांत असा बंध एकच; परंतु बाराव्या कर्बाशीं प्राणवायु व हायड्रोजन ह्यांची जोडी जडलेली असते. त्यामुळें एरंडेल दाट राहतें, वाळत नाहीं व यंत्रांस वंगण म्हणून चालतें. त्यांत हें अम्ल शेंकडा ८५ ते ९० असतें.

विद्यार्थ्यांनीं कांचेच्या तीन तुकड्यांवर तिन्ही तेलांचा एकेक पातळ थर द्यावा व कांहीं दिवस रोज बोट लावून पाहावें. जवस प्रथम वाळेल, करडई मागाहून चिकटेल, एरंडेल ओलेंच राहील.

आतां पालकांस दोन शब्द. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करूं नये. प्राणवायु शोषितांना उष्णता वाढून तो आपोआप पेट घेऊं शकतो. दुसरें असें कीं, एरंडाच्या बियांत रिसिन नांवाचें जहाल विष असतें. तें तेलांत उतरत नाहीं, पेंडींत राहतें. त्या चित्रविचित्र बिया मुलांस सुंदर वाटतात. पण चावलेली एखादी बीही जिवावर बेतूं शकते. कोणीं ती चावल्यास लक्षणांची वाट न पाहतां डॉक्टरांकडे न्यावें. गुरांपुढेंही ती पेंड टाकूं नये. ती शेतांत खत म्हणून घालावी.

रोज पाहण्यांतल्या वस्तूचें अंतरंग कळलें, म्हणजे तिचा उपयोग व तिचें भय दोन्ही कळतात. हाच रसायनशास्त्राच्या अभ्यासाचा लाभ होय.