संज्ञा आणि अर्थबोध : ‘मूलपेशी’ व ‘मधुमेह’

संज्ञेच्या घटकांतून तिचा अर्थ काही अंशीच उलगडतो. ‘मूल’ म्हणजे उगम. जिच्यापासून अन्य पेशी घडू शकतात, ती मूलपेशी. ‘मधुमेह’ ही संज्ञा मात्र मूत्रातील गोडी सांगते, देहाची हानी सांगत नाही. मधुमेह व मूलपेशी यांचे पुण्यातील संशोधक डॉ. रमेश भोंडे यांनी सहकाऱ्यासह २००५ मध्ये कवचाविना वाढवलेल्या कोंबडीच्या भ्रूणावर अतिरिक्त ग्लुकोजचा परिणाम अभ्यासला. त्याने भ्रूणात व्यंगे निर्माण होतात. प्रौढ देहात वाढलेली साखर रक्तवाहिन्या व मज्जातंतूंना इजा करते. म्हणून पायाची जखम कळत नाही, लवकर भरतही नाही. संज्ञेने न सांगितलेले वाक्याने सांगावे लागते.

स्वाध्याय : हे कारण बुलढाणा जिल्ह्यातील अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यास उमगेल, असे तीन वाक्यांत लिहा.