भाकरीची चूल आणि घरातला धूर

जन्मात कधी विडीला हात लावला नाही, तरी चाळिशी-पन्नाशीत दम लागतो, पहाटे खोकल्याची ढास येते, डोळ्यांतून पाणी गळते, अशी तक्रार खेड्यातल्या अनेक स्त्रिया करतात. याचे एक मोठे कारण म्हणजे चुलीपुढे बसून काढलेली वर्षे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस पुष्कळ घरांत पोहोचला. तरीही चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी अनेक ठिकाणी दिसते. सिलिंडर पुरवून वापरावा लागतो आणि निखाऱ्यावर फुगलेल्या भाकरीची चवही सोडवत नाही. म्हणून चुलीचे शास्त्र थोडे समजून घेऊ.

वाळलेले लाकूड तापले की त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायुरूपाने बाहेर पडतो. हा वायू पेटला की ज्वाळा होते. हवा किंवा उष्णता कमी पडली की त्याचाच धूर होतो. मागे उरतो तो निखारा. म्हणजे धूर हे न जळलेले सरपणच होय. तीन दगडांच्या चुलीत उष्णतेच्या १०० भागांपैकी जेमतेम १० ते १५ भाग भांड्याला मिळतात. गॅसच्या शेगडीसाठी भारतीय मानकानुसार हे प्रमाण किमान ६८ असावे लागते.

धुरातले सूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात. श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे, हृदयविकार, मोतीबिंदू आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांचा धोका त्यामुळे वाढतो. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख लोक दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

भाकरीला दोन प्रकारची आच लागते. तव्याखाली सारखा जाळ हवा आणि फुगवायला निखारा हवा. म्हणून सुधारित चूल घेताना तिच्या तोंडाशी भाकरी शेकायला जागा आहे का, हे आधी पाहावे. जागा नसेल तर ती चूल कोपऱ्यात पडून राहते.

घरच्या चुलीतही पुढील गोष्टी करता येतील :

१. सरपण वाळलेलेच वापरावे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातले पाणी आटवण्यातच जाते. पावसाळ्याआधी लाकडे बारीक फोडून छपराखाली रचावीत.

२. चूल गच्च भरू नये. तळाशी लोखंडी जाळी ठेवून राख रोज काढावी, म्हणजे खालून हवा मिळते.

३. तवा आणि चुलीची कड यांत जाळ खेळण्यापुरतीच फट असावी. फार मोठ्या फटीतून जाळ बाहेर पळतो, अगदी बुजवली तर कोंडतो.

४. वैलावर पाण्याचे किंवा डाळीचे भांडे ठेवावे. पीठ, परात, पाणी जवळ घेऊनच चूल पेटवावी. भाकऱ्या झाल्या की जळती लाकडे ओढून विझवावीत.

५. चूल पेटवायला प्लास्टिक कधीही वापरू नये. त्याचा धूर विषारी असतो.

६. धुराडे छपरावर निघालेले असावे. नसेल तर खिडकी-दार उघडे ठेवावे. तान्हे मूल चुलीपासून दूर ठेवावे.

निखाऱ्याला धूर नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निघतो. थंडीत निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपल्यास जीव जाऊ शकतो.

एक प्रयोग घरी करून पाहा. आठवडाभर भाकरीला लागणारे सरपण रोज तोलून लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात वरील काळजी घेऊन पुन्हा तोला. तव्याच्या बुडाची काजळीही पाहत जा. काजळी कमी झाली, तर जाळ सुधारला असे समजावे. अर्थात, जमेल तेव्हा भाकरी गॅसवर जाळी ठेवून शेकणे फुफ्फुसांना केव्हाही हितकर. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो चुलीचाच असेल असे समजून घरी बसू नये. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी.