लिंगवर्धनाचं ऑपरेशन: पैसे देण्याआधी हा हिशेब बघा

हिंगोली असो की वसमत, एसटी स्टँडच्या मुतारीत ‘लांबी-जाडी वाढवा, गॅरंटीसह’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. खाली डॉक्टरचं नाव नाही, नुसता मोबाइल नंबर. औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टानुसार लिंगाचा आकार वाढवण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. त्यामुळे तेल, चूर्ण, कॅप्सूल यांचा विचारच नको.

राहता राहिलं ऑपरेशन. लिंगाचा बराच भाग शरीराच्या आत असतो आणि एका पट्ट्याने तो जांघेतल्या हाडाला बांधलेला असतो. सर्जन वरून चीर देऊन हा पट्टा कापतो, मग आतला थोडा भाग पुढे येतो. लिंग शिथिल असताना साधारण १ ते २ सेंटीमीटरचा फरक दिसतो. ताठरल्यावर लांबी होती तेवढीच! उलट आधार सुटल्यामुळे ताठर लिंग खाली झुकतं, डळमळतं. पट्टा परत चिकटू नये म्हणून पुढे काही महिने रोज ताणयंत्र लावावं लागतं. त्यात कंटाळा केला तर व्रण आखडतो आणि असलेली लांबीही कमी होऊ शकते. मोठ्या शहरांत याचे साधारण एक ते दोन लाख सांगतात.

जाडीसाठी पोटाची किंवा मांडीची चरबी भरतात. त्यातली बरीच शरीर शोषून घेतं, उरलेल्याच्या कधी गाठी होतात. दुसरा मार्ग हायलुरोनिक ॲसिडच्या फिलरचा. १ मिलीची सिरिंज ढोबळ मानाने दहा ते पंचवीस हजारांना पडते. दहा सिरिंज धरल्या तरी लाख ते अडीच लाख झाले. वर्ष-दोन वर्षांत फिलर विरघळतं आणि पुन्हा तोच खर्च. सिलिकॉन तेल किंवा पॅराफिन टोचणाऱ्याच्या दारातही उभे राहू नका, कातडी सडते. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते पट्टा कापणं आणि चरबी भरणं हे दोन्ही सुरक्षित किंवा गुणकारी ठरलेलं नाही.

सांगितलेल्या रकमेत सहसा न धरलेला खर्च वेगळाच: रक्त तपासण्या, भूलतज्ज्ञ, ताणयंत्र, शहरातला मुक्काम, फेरतपासणीच्या चकरा आणि सुट्टीतली बुडालेली मजुरी. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू नाही, आरोग्य विमा पैसे देत नाही, जीएसटीतही सूट नाही. हळद विकून पैसे हातात पडल्या पडल्या ॲडव्हान्स भरणाऱ्याने एवढं तरी लिहून घ्यावं.

मुळात गरज आहे का, हे घरी मोजून कळतं. मोजपट्टी लिंगाच्या वरच्या बाजूने, चरबी दाबून थेट हाडाला टेकवा. लिंग ताणून टोकापर्यंत माप घ्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, १५ हजारांहून अधिक पुरुषांच्या मापांवर आधारलेल्या अभ्यासात ही सरासरी १३.२४ सेंटीमीटर निघाली. सुमारे साडेसात सेंटीमीटरहून कमी असेल, तरच डॉक्टर त्याला वैद्यकीय दोष म्हणतात. ऑपरेशनची चौकशी करणाऱ्या बहुतेकांचं माप नॉर्मल असतं. पोट सुटल्याने लिंग चरबीत दडलेलं असेल तर वजन उतरवा, त्याला चीर लागत नाही. लहान मुलाचं लिंग फारच लहान वाटलं तर मात्र लाजू नका. लवकर दाखवलं तर हार्मोनचे उपचार होतात.

आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. तिथून नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी चिठ्ठी मागा. मनातली धास्ती जात नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. एवढं करूनही ऑपरेशन करायचंच असेल, तर सर्जन मूत्ररोग किंवा प्लॅस्टिक सर्जरीतला एमसीएच किंवा डीएनबी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये त्याची नोंद आहे का, ते पाहा. काय वाढणार, किती आणि कोणत्या अवस्थेत, हे त्याच्या सहीने घ्या. पैसे रोख दिले तरी पक्की पावती मागा: जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, पण पावतीशिवाय तिथे उभं राहणं अवघड.